सात दिवस, निळी शाई

तीस वर्षं जलसंसाधन खात्यात
नद्यांना निळी शाई लावली मी.
त्यामुळे मला ठाऊक आहे
कुठली रेघ मे महिन्यात थापा मारते.

टेबलावर नकाशा, त्याच्या कोपऱ्यांवर
शेवेची बरणी, चष्म्याचं घर, रीळ,
आणि तस्नीमने आणलेला पन्ह्याचा जग,
ज्याच्या बुडाशी धार जिल्हा ओला होत चाललेला.
जुझर म्हणाला, बोला मुळ्येबाई,
सात दिवस, सात नद्या.
सात नाहीत, मी म्हटलं. मोजू या.

चंबळ: जानापावला एक कुंड,
खाली उतरलं की नुसते गोटे.
पुष्कळ लांब गेल्याशिवाय ती स्वतःलाच सापडत नाही.
खोडली.
क्षिप्रा: तिच्यात आता नर्मदेचंच पाणी,
पंपाने चढवून आणलेलं.
म्हणजे शेजारणीची साखर आपल्या डब्यात, जुझर हसला.
खोडली, पण हलक्या हाताने.
गंभीरला धरण आहे, मासा आहे,
वाहतं पाणी नाही.
आणि आमची माशी वाहत्या पाण्याची:
आकड्यावर मोरपिसाचा एक तंतू,
कोंबड्याच्या मानेवरचं तांबूस पीस,
सासूबाईंच्या महेश्वरीच्या काठातून
उसवलेली जर, तीन वेढे.
थांबल्या पाण्यात ती मेलेलीच दिसते.

चोरल राहिली.
तिथले तीन डोह मला माहीत:
रेल्वेच्या जुन्या पुलाखालचा, जांभळीचा,
आणि तिसरा, जो मी नकाशावर कधी घातलाच नाही,
मुद्दाम.
साहेब निवृत्त झाले तरी सांगितलं नाही.
तिथे दोन दिवस.
मग बडवाहला नर्मदा, तीन दिवस.
वरून पाणी सोडतात तेव्हा भोंगा वाजतो म्हणे.
आपण भोंग्यावर विसंबायचं नाही,
दगडावरची ओली रेघ बघत राहायची.
बाडस उन्हाळ्यात खोल बसतो,
पहाटे जेमतेम अर्धा तास वर येतो,
तेवढ्यात माणसाला जांभई येते.
एक दिवस परतीचा,
गाडी घाटात तापणार हे धरून.

खात नाही, मग पकडता कशाला?
खालच्या दिघेवहिनी दरवर्षी विचारतात.
यंदाही उत्तर नव्हतं.
पोहे घ्या, म्हटलं.

एक दिवस उरत होता.
तस्नीम इतका वेळ मान वाकवून
सुईच्या नेढ्याएवढ्या आकड्यात दोरा ओवत होती.
तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली
आणि टोक शहराच्या मधोमध टेकवलं.
कान्ह.
पहिला दिवस हा, ती म्हणाली,
माझे नाना कृष्णपुऱ्याला गळ टाकायचे.
मी तोंड उघडलं, मिटलं.
ही रेघ नोकरीच्या पहिल्या वर्षी
मी निळी काढली होती,
आणि पुढच्या एका आवृत्तीत
काळी, तुटक, नाल्याची खूण.
तीही मीच. हात थरथरला वगैरे नाही.
पाच वाजता घरी गेले होते.

पहाटे साडेपाच. छत्र्यांवर पारवे.
आकड्याचं टोक जुझरने
दुकानातल्या पकडीने कापून टाकलेलं.
पाण्याला जो वास होता तो होता.
तस्नीमचं मनगट आम्हा दोघांपेक्षा हलकं:
दोर मागे गेला, हवेत थबकला,
पुढे आला, आणि माशी उतरली
चहाच्या एका कागदी पेल्यापाशी.
पिवळ्या जाकिटातला झाडूवाला थांबला.
क्या मिलेगा भिया इसमें?
कुणी बोललं नाही.

मग जरीच्या अगदी शेजारी
एक वलय उघडलं.

बुडबुडा असेल. गाळातून येतात.
माझी सगळी नोकरी मला तेच सांगत होती.
झाडूवाला कठड्यावर कोपर टेकून वाकला.
तस्नीमने दोर ओढून घेतला,
माशी पदराला पुसली,
पुन्हा टाकली, त्याच जागी.

चोरलला निघायच्या तयारीला लागेपर्यंत दहा वाजले.